काजळ धरलेला प्लग

खुर्दाद महिन्याची नऊ तारीख. पितळेची भांडी घासायला काढली आहेत, चिंच भिजते आहे, तेवढ्यात लिहून टाकते. आठ वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, शेजारच्या सकीनाबीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

आमचे हे शहागंजात मोटारसायकली दुरुस्त करतात. दुकान पुढं, आम्ही मागं. इंजिनातला प्लग काढायचा, उजेडात धरायचा आणि रंगावरून इंजिनाची तब्येत सांगायची — वैद्य जीभ बघतो तसं. टोक बिस्किटी असेल तर ठीक. काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं असेल तर कमी, इंजिन तापतंय. पार जालन्याहून लोक यायचे या नजरेसाठी. मलाही तिचा अभिमान होता. मग मी असं का केलं?

आधी भांड्यांचं सांगते. काळं दिसलं की माझा हात थांबत नाही. वैजापूरच्या वकीलसाहेबांना दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना मागं बसवून खुलताबादला जायचं होतं, म्हणून त्यांनी गाडी दाखवायला आणलेली. ह्यांनी प्लग काढला, चटका बसला म्हणून न बघताच फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवला, आणि दोघं चहाला गेले. मी भांडी घासत होते. तांब्या, पळी, ताम्हन — आणि प्लग. चिंच, राख, काथ्या. देवासारखा लखलखला.

तेव्हाच सांगता आलं असतं, नाही का? रागावले असते, संध्याकाळपर्यंत बोलले नसते. एवढंच. पण मी काय केलं — एरंडेलाचा दिवा लावला आणि प्लगवर काजळ धरलं, बाळाच्या डोळ्यांसाठी धरतात तसं. काळा आणि बिस्किटी यातला फरक मला तेव्हा कुठं ठाऊक होता? — नाही, हे खोटं. चौदा वर्षं ऐकत होते. थोडंसंच धरायचं होतं, जास्त धरलं गेलं.

ह्यांनी येऊन प्लग बराच वेळ पाहिला. वासही घेतला. पेट्रोल फार पितेय म्हणाले, आणि पेट्रोल कमी जावं म्हणून त्याची सुई एक खाच खाली उतरवली. गाडी चांगली होती. अगदी चांगली होती. मी आत ताक घुसळत होते.

दुसऱ्या दिवशी दौलताबादच्या पुढं घाटात गाडी तापून बंद पडली. दुपारी बैलगाडीत घालून परत आली — वकीलसाहेब बैलगाडीतही मोटारसायकलवर बसून हँडल धरलेले, शेरवानी धुळीनं भरलेली, आणि सासरे गाडीवानाशेजारी, जावयाकडं पाठ करून. सगळं शहागंज बघत होतं. मला हसू आलं, तेही कबूल करते. वकीलसाहेब भला माणूस, ओरडले नाहीत. उतरून एवढंच म्हणाले, "मिस्त्री, अब ऐनक लगा लेव."

ह्यांनी प्लग काढला. खडूसारखा पांढरा. काल काळा, आज पांढरा. कितीतरी वेळ तो हातात फिरवत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझी नजर गेली गं."

मी उंबऱ्यात उभी होते. तोंड उघडायला वेळ भरपूर होता. मी उघडलंही — आणि विचारलं, भाकरी टाकू का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गुलमंडीवर चष्मेवाल्याकडं घेऊन गेले. त्यानं तपासून सांगितलं, दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. मी म्हटलं, पुन्हा बघा, बारका का होईना, नंबर निघेलच. निघाला. फ्रेम मी निवडली.