नाक्यावरचं शेड आणि शेजारचे अण्णा

माणूस जातो आणि किस्से मागं ठेवून जातो. आमच्या शेजारच्या अण्णांनी तर इतके ठेवलेत, की दळण टाकायला गेलं तरी गिरणीत एखादा नवा कानावर येतो. अण्णा आमदार होते, कामगारांचे पुढारी होते. पण त्यांची आणि आमची भिंत एकच, म्हणून मला जरा जास्त ऐकू यायचं. मी कान लावत नव्हते, असं काही म्हणणार नाही.

*

अण्णांनी घरकामाच्या शालनला रविवारची भरपगारी सुट्टी दिली. झालं, गल्लीतल्या सगळ्या कामवाल्यांनी तीच मागितली. रविवारी भांड्यांचा ढीग माझ्यापुढं! मी दारातूनच ओरडले, "अण्णा, तुमच्या लोकशाहीनं माझी कंबर मोडली."

ते बाहेर आले, तर कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"मग युनियन काढ की सुनंदा. पहिला मेंबर मी."

*

मटण करायचं की दोडका, यावरही त्यांच्या घरात मतदान. अण्णा, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकी आणि शालन, तिघांनी हात वर करायचे. डॉक्टरांनी मटण बंद केल्यापासून अण्णा दर बुधवारी हरायचे.

"शालन, तुमच्यासाठी मी रस्त्यावर उतरलो," अण्णा कुरकुरायचे.

"म्हणून तर तुमी जगावं वाटतंय. खावा दोडका."

*

एकदा मंत्री आले. सोप्यात नाक्यावरचे मजूर आधीच बसलेले. अण्णा म्हणाले, "बसा पावणं. ह्यांचं झालं की तुमचं."

मंत्र्यांच्या गाड्यांनी गल्ली बंद, माझा सिलिंडर गल्लीच्या तोंडाला अडकलेला. मंत्र्यांनी मजुरांच्या मांडीला मांडी लावून दोनदा चहा घेतला. माझ्या घरी गॅस नाही, म्हणून चहाच नाही.

*

ते मजूर आले होते शेडसाठी. रोज सकाळी कामाच्या आशेनं नाक्यावर उभं राहायचं, ऊनपाऊस डोक्यावर. अण्णांनी पाठपुरावा करून पत्र्याचं शेड उभं केलं. शालनचा नवरा आजही तिथंच उभा असतो.

अण्णांच्या पहिल्या पुण्यतिथीला स्मारक समितीनं काय ठरवावं? शेड पाडायचं आणि तिथं अण्णांचा पुतळा बसवायचा. मी कपाळावर हात मारला.

"पावसात आमच्या माणसानं उभं कुठं ऱ्हायचं, काकी?" शालननं विचारलं.

सभा नाक्यावरच होती. स्टेजवर टेबल, टेबलावर पुतळ्याचा मातीचा नमुना. भाषण करताना उजवा हात उंच केलेले अण्णा. एकेक वक्ता उठून 'श्रमिकांचा कैवारी' म्हणत होता, आणि मांडव घालणारे श्रमिक दोरीपलीकडं उन्हात. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुतळ्याचा ठराव एकमताने मंजूर."

काकींनी पहिल्या रांगेतून उठून त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. "कुणाला इचारलं? शेड ठेवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

दोरीपलीकडं सगळे हात वर गेले. शालनचा, तिच्या नवऱ्याचा. भाजीची पिशवी खाली ठेवून माझाही. स्टेजवर मात्र कुणी हलेना.

अध्यक्ष हसून म्हणाले, "काकी, स्टेजवरचा एक तरी हात वर हाय का?"

काकींनी टेबलाकडं बघितलं.

"ह्यांचा हाय की."