चार बायकांचं एक बोट

नगर शहरातील तमाम सुजाण नागरिकांस कळवण्यास अत्यंत खेद होतो, की ऐन लग्नसराईत, एका बुधवारी सकाळी, आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसातल्या महिला कर्मचारी कॉम्प्युटरच्या लेखी अस्तित्वातच नव्हत्या. खुर्चीत बसलेल्या होत्या, पगारपत्रकावर होत्या, डब्यात मेथीची भाजी घेऊन आल्या होत्या. पण नव्हत्या.

हे कसं झालं ते सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

आमच्याकडे पूर्वी पासवर्ड होता. साधा, गरीब, सगळ्यांना पाठ. मी रजेवर असले की धाकटी क्लार्क टाकायची, ती बाळंतपणाला गेली तेव्हा कॅशिअर बाई टाकायच्या. एकदा मी बटणं बडवत बसले होते, तर चहावाला कप ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, पहिलं अक्षर मोठं." कुणाचं काही अडत नव्हतं. मग संस्थेला सुरक्षिततेची उबळ आली. एक तंत्रज्ञ आला आणि पासवर्ड बंद करून गेला. यापुढे बोट ठेवायचं. बोट नाही चाललं तर पिन.

"मॅडम, पासवर्ड चोरीला जातो," तो म्हणाला. "बोट कोण चोरणार?"

"आणि मी रजेवर गेले तर?"

"तर काम थांबेल."

इतक्या शांतपणे म्हणाला, की जणू काम म्हणजे पंखा. अहो, आमच्या खिडकीत तालुक्या-तालुक्यातून आलेली पोरं उभी असतात! त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर पडायच्या आत आमच्या धाकटीने सेटिंगमध्ये एक वाक्य शोधून काढलं : आणखी एक बोट जोडा. मशीनला माणसाची दहा बोटं चालतात. ती कुणाची, हे ते विचारत नाही. मग काय! अंगठ्याशेजारचं बोट म्हणून माझं, मधलं म्हणून कॅशिअर बाईंचं, अनामिका म्हणून धाकटीचं आणि करंगळी म्हणून रेकॉर्डच्या ताईंचं. या ताई यजमान गेल्यावर त्यांच्या जागेवर लागलेल्या, मितभाषी, टपालापासून कपाटापर्यंत सगळं त्यांच्याकडे. कॉम्प्युटरची अशी गोड समजूत झाली की ही एकच बाई आहे, फक्त तिचा हात चार जणींचा आहे. वर्षभर त्या हाताने दाखले काढले. मला तर त्याचा अभिमान होता.

आता बुधवार. आदल्या संध्याकाळी आमच्या अधीक्षक बाईंच्या मुलीची मेंदी होती, सावेडीला. ऑफिसातल्या आम्ही सगळ्या गेलो होतो. मेंदीवाल्या मुलीचा हात फार सुबक. मी म्हटलं, आता वयाचा विचार कशाला, कोपरापर्यंत काढ. तिने मोर काढला, वेल काढली आणि बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत गच्च भरली. सकाळी रंग असा चढला होता, की मी रिक्षावाल्याला पैसे देतानासुद्धा हात जरा जास्तच फिरवला.

ऑफिस उघडलं, तर खिडकीत सोनईकडची एक मुलगी उभी. आमच्याकडूनच बारावी झालेली. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि शाळा सोडल्याचा दाखला त्या दिवशी एकच्या आत तिकडे द्यायचा होता.

"मॅडम, यक वाजंपर्यंतच हाय ओ," ती म्हणाली. "न्हाई दिला तर माजी जागा खालच्या नंबरवालीला जाती."

"बस गं. दोन मिनिटांत देते."

बोट ठेवलं. ओळख पटली नाही. पुन्हा ठेवलं. नाही. कॅशिअर बाईंचं मधलं बोट, नाही. धाकटीची अनामिका, नाही. तिन्ही बोटं मेंदीच्या एकाच कोनातून रंगलेली.

दाखला आता हाताने लिहून चालत नाही, तो कॉम्प्युटरमधूनच निघतो, आणि तो प्रोग्राम याच एका मशीनवर. मग लिंबू चोळलं. भांड्याचा साबण झाला. खोबरेल झालं. मेंदी आणखी खुलली.

"पिन टाका ना मॅडम!" धाकटी म्हणाली.

"पिन काय होता?"

"तुमच्या मुलाचा वाढदिवस."

"छे, मी कॅशिअर बाईंच्या लग्नाची तारीख घातली होती."

"माझ्या लग्नाची?" कॅशिअर बाई म्हणाल्या. "ती तर ह्यांच्याही लक्षात नाही!"

दोन्ही टाकून पाहिले. मग मशीनने आम्हाला ए वन बी टू सी थ्री असं टाइप करून दाखवा म्हणून सांगितलं. बालवाडीत बसवलं हो आम्हाला! आणि तेही जमल्यावर पिन बंदच करून टाकला.

तंत्रज्ञाला फोन लावला. "मी श्रीरामपूरला आहे. तक्रारीचं तिकीट टाका, उद्या बघतो."

"तिकीट कुठे टाकू?"

"लॉगिन केल्यावर डाव्या बाजूला दिसेल."

मी फोनकडे असं पाहिलं, की त्या फोनचीच मला कीव आली. दार उघडत नाही म्हणून तक्रार करायची, तर तक्रारपेटी दाराच्या आत! बाकावर ती मुलगी दोन्ही हातांनी पिशवी धरून बसलेली. साडेबारा होत आले होते. दर वेळी मी बोट ठेवलं की ती अर्धी उठायची.

चौथं बोट तेवढं गावात होतं. ताई सकाळीच टपाल द्यायला गेल्या होत्या. पण त्यांची आम्ही वाटसुद्धा पाहत नव्हतो. काल मेंदीला आमच्याबरोबर होत्या की, त्यांचं बोट काय वेगळं असणार?

ताई आल्या. आमचे लिंबाचे, साबणाचे हात पाहिले, बाकावरची मुलगी पाहिली, पर्स खांद्यालाच ठेवून पुढे झाल्या आणि करंगळी टेकवली.

स्क्रीन उघडला.

धाकटीने आरोळी ठोकली. मी दाखला छापला, प्राचार्यांच्या केबिनमध्ये धावले, सही घेतली, शिक्का मारला. मुलगी "येते मॅडम" एवढंच म्हणाली आणि फाटकापर्यंत पळत गेली. कॅशिअर बाईंनी रिक्षा आधीच थांबवून ठेवली होती. एकला दहा मिनिटं होती आणि तिला जायचं होतं दोन चौक पलीकडे.

आम्ही सगळ्या अशा खुशीत, की कॅशिअर बाईंनी स्वतःच्या डब्यातला लाडू ताईंच्या तोंडात कोंबला. मी ताईंचा हात हातात घेतला आणि तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. कोरा. काल तीन तास एका घरात होतो आम्ही, आणि मला माझ्या मोराशिवाय काही दिसलं नव्हतं.

"ताई, बरं झालं बाई, तुम्ही मेंदी लावली नव्हती!" धाकटी म्हणाली.

ताईंनी लाडू गिळला. आवाज चढवलेला आम्ही कधी ऐकला नव्हता त्यांचा.

"लावली नव्हती म्हणे! मला हात पुढे कर म्हणालं होतं का कुणी? चहाचा ट्रे दिला होता तुम्ही माझ्या हातात!"