कार्डावरचा गवंडी

जगदीश मेश्रामनं उभ्या जन्मात हातात थापी धरली नव्हती. तरी बहारीनच्या सरकारी दप्तरात तो सहा वर्षं गवंडी म्हणून नांदत होता. त्याचं झालं असं, की आखाती युद्ध संपलं आणि मनाम्यातल्या एका कंपनीला वायरलेसचे सेट दुरुस्त करणारा माणूस तातडीनं हवा झाला. पण कंपनीच्या कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर सगळ्यांचे व्हिसे निघायचे त्या अरब मालकाकडे, शिल्लक होते ते फक्त गवंड्यांचे व्हिसे. मुंबईचा एजंट म्हणाला, आधी जा तर खरं, ट्रेड, म्हणजे कागदावरचं काम, काय मागाहून बदलून मिळतो. आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक झालेला, नागपुरात वॉकीटॉकी उघडून-जोडून हात तयार केलेला हा माणूस मान डोलावून विमानात बसला. आखातात निघालेल्या आपल्या लोकांची ही खोडच आहे. कागदावर काय वाट्टेल ते लिहा, फक्त विमानात बसवा.

ऑफिसचं सगळं अन्सारभाई बघायचे. श्रीवर्धनचे कोकणी मुसलमान, कफीलच्या पदरी केस पांढरे केलेले मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. वाईट नसण्यापलीकडे मात्र त्याला फारसं काही जमत नव्हतं. पहिल्याच दिवशी जगदीशला चहा पाजून म्हणाले, "अरे, आपला मराठी माणूस तू. पुढच्या वर्षी तुझा ट्रेड बदलून टाकू, इंशाल्ला." पुढच्या वर्षी पुन्हा तोच चहा आणि तोच इंशाल्ला. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, मनाम्यातल्या एका फ्लॅटवर नागपूर-अमरावतीकडची बौद्ध मंडळी वंदनेला जमत. वंदना आटोपली, की त्याची थट्टा सुरू व्हायची. कुणी म्हणायचं, "गवंडीसाहेब, आमच्या मोरीची फरशी निघाली, येता का थापी घेऊन?" जगदीशही हसायचा. खोलीवर परतला की मात्र ते हसू टिकायचं नाही.

कारण गवंड्याला फॅमिली व्हिसा मिळत नव्हता. टेक्निशियनला मिळत होता. सगळं घोडं तिथं अडलं होतं. बायको संघप्रिया नागपूरला इंदोऱ्यात बालवाडी चालवायची, आणि मुलगी अक्षता बापाच्या माघारी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. दोन वर्षांनी तो सुटीवर गेला, की पोरगी आधी दाराआड उभी राहून त्याला न्याहाळायची. तिची भीड मोडून ती अंगाखांद्यावर खेळायला लागेपर्यंत याचं परतीचं तिकीट येऊन ठेपायचं. त्याला गाडी नको होती, बंगला नको होता. बायको-मुलीनं आपल्यासोबत राहावं, संध्याकाळी कामावरून आलं की घरात माणसं असावीत, एवढंच त्याचं मागणं होतं. ते खिशातल्या ओळखपत्राच्या कार्डावरच्या एका शब्दापाशी अडून बसलं होतं.

कामात मात्र तो गवंडी नव्हता. कॉम्प्युटरला कॉम्प्युटर तारेशिवाय जोडायचे डबे तेव्हा नवे नवे येत होते. डबा आला की जगदीश तो टेबलावर मांडायचा. तो कुठल्या पट्ट्यात, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, बोलतो, किती जोरात बोलतो, शेजाऱ्याच्या पट्ट्यात तंगडी घालतो का, हे मीटरवर बघायचा आणि मगच छपरावर चढवायचा. उन्हाळ्यात मजूर छपरांवर झोपतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून अँटेनाच्या तोंडासमोर कुणाचं डोकं येऊ नये यासाठी तो खांब मुद्दाम उंच लावायचा. अमेरिकन डब्यांच्या पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. हा डबा दुसऱ्या कुणाला त्रास देणार नाही, आणि दुसऱ्यांकडून याला जो त्रास होईल तो मुकाट सोसेल, अशा काहीशा अर्थाची. जगदीशनं ती एकदा मराठीत समजावून सांगितली, तेव्हा अन्सारभाई म्हणाले, "ही तर आपल्या व्हिसाचीच अट झाली रे." दोघंही पोट धरून हसले होते.

हे डबे आले तेव्हा त्यांचा पट्टा मोकळा पडलेला होता, कुणाची हरकत नव्हती. पुढे मोबाइल फोन आले आणि त्याच पट्ट्यात बोलू लागले. हे अमेरिकन डबे आता वापरायचे नाहीत, असं सरकारनं कळवलं. कफीलनं उरलेला माल अरादच्या गोदामात टाकला आणि जगदीशला वाटलं, विषय संपला. पण पैसे मोजून आणलेला माल संपला असं कफील कधी मानत नसतो. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये बुसैतीनच्या एका ठोक व्यापाऱ्याला त्याचं ऑफिस अरादमधल्या कोठाराशी जोडून हवं होतं. टेलिफोनच्या लाइनला महिने लागणार होते. कफीलनं गोदामातली एक जोडी झटकून काढायला लावली.

जगदीशनं ती टेबलावर लावून बघितली आणि तडक अन्सारभाईंची केबिन गाठली.

"अन्सारभाई, हे बसवायचं नाही. मोबाइलचे टॉवर जिथं कान लावून बसतात, तिथंच हा डबा बोंबलतो. आजूबाजूच्या लोकांचे फोन तुटतील."

"कोणाला कळणार आहे?"

"कळतं ना. सरकारची गाडी फिरते, टपावर अँटेना लावून. आज ना उद्या दारात येईल."

अन्सारभाईंनी चष्मा काढून पुसला. "कफीलनं जबान दिली आहे त्या माणसाला. आता मी जाऊन काय सांगू, आमचा मेसन नको म्हणतो? बसव बाबा. यल्ला, चल."

आमचा मेसन. म्हणजे कार्डावरचा गवंडी. गवंड्यानं सांगितलेल्या छपरावर चढावं, पट्ट्यांची पंचाईत करू नये. त्यानं डबे बसवले. डोक्यात राग असला तरी वाईट काम करायचं त्याच्या हाताला माहीत नव्हतं, त्यामुळे लिंक पहिल्या झटक्यात लागली आणि एकदाही पडली नाही. तो व्यापारी जो भेटेल त्याला या जोडणीचं कौतुक सांगत सुटला.

जूनमध्ये एका सकाळी अन्सारभाई स्वतः उठून जगदीशच्या टेबलापाशी आले. "दोन फोटो दे, आणि पासपोर्टची कॉपी. कफील तुझा ट्रेड बदलतोय."

जगदीशला आधी ती थट्टाच वाटली. पण सहा वर्षं लोंबकळलेलं काम बघता बघता झालं आणि नवं सीपीआर, म्हणजे तिथलं ओळखपत्र, त्याच्या हातात पडलं. मेसन गेलं होतं, तिथं टेक्निशियन आलं होतं. आत्ताच का, असं त्यानं कुणाला विचारलं नाही. इतकी वर्षं दार वाजवलेल्या माणसाला दार उघडल्यावर असले प्रश्न सुचत नाहीत. त्यानं मनाम्याच्या बाजारातून पेढे घेतले, ऑफिसात वाटले, शुक्रवारी वंदनेला वाटले. अन्सारभाईंनीही एक पेढा तोंडात टाकला आणि लगेच केबिनमध्ये निघून गेले.

फॅमिली व्हिसाचा अर्ज टाकून त्यानं नागपूरला फोन लावला. संघप्रिया ठरल्या वेळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवर येऊन थांबायची.

"झालं, संघप्रिया. टेक्निशियन झालो मी. तुमच्या दोघींचा अर्ज पण टाकला."

"खरं सांगता जी?"

"कार्ड हातात धरूनच बोलून राहिलो."

"मंग बालवाडीत सांगून टाकू का मी? अन् अक्षताचा दाखला? शाळा सुरू व्हायच्या आत काढला तर बरं."

"काढून टाक," जगदीश म्हणाला.

तिनं बालवाडी दुसऱ्या बाईच्या हवाली केली, भांडी जावेकडे पोचवली, घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगितलं. अक्षतानं गल्लीतल्या सगळ्या पोरींना आपण विमानानं जाणार असल्याचं कळवून टाकलं. फोनवर हे ऐकताना जगदीश एकटाच हसत उभा राहायचा. मनाम्याच्या गल्ल्यांतून भाड्याच्या खोल्या बघत तो हिंडू लागला. एका खोलीला छोटीशी गॅलरी होती आणि ती त्याच्या मनात भरली होती.

जुलैत सरकारी तपासनीस आला. तरुण बहारीनी माणूस, आवाज न चढवता इंग्रजीत बोलणारा. त्याच्या गाडीनं बुसैतीनचं ते छप्पर आधीच शोधून काढलं होतं, आणि तिथून उतरवलेला डबा त्यानं कफीलच्या टेबलावर ठेवला. कफील सोफ्यावर बसला होता, अन्सारभाई त्याच्या बाजूला उभे होते. जगदीशला कामावरून उठवून आत बोलावलं.

"हे पास कुणी केलं?" तपासनीसानं विचारलं.

कफील अरबीत काहीतरी बोलला. अन्सारभाईंनी मान वर न करता ते इंग्रजीत सांगितलं. "हे आमचे टेक्निशियन. तपासणं, बसवणं, सगळी जबाबदारी त्यांची आहे."

"मग मे महिन्यात आम्ही नोटीस पाठवून हेच विचारलं, तेव्हाच यांचं नाव का नाही कळवलंत?"

मे महिन्यात. जगदीशनं मनाशी महिने जुळवले. नोटीस मेमध्ये आली आणि त्याचे फोटो मागितले जूनमध्ये. म्हणजे हे बक्षीस नव्हतं, उशिरा सुचलेला न्यायही नव्हता. कंपनीला बळीचा बकरा हवा होता. गवंड्याच्या माथी हे प्रकरण मारता येत नव्हतं, म्हणून आधी गवंड्याला टेक्निशियन करून घेतलं होतं. आणि त्यानं त्याचे पेढे वाटले होते. त्याला कफीलचा संताप आला, अन्सारभाईंचा आला, पण सगळ्यांत जास्त लाज वाटली ती त्या पेढ्यांची.

तपासनीसानं त्याचं कार्ड मागून घेतलं, आपल्याजवळच्या कागदाशी ताडून बघितलं. "महिन्यापूर्वी तू मेसन होतास."

"हो, सर."

"आणि हा डबा बसला मार्चमध्ये." त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. "मला एक सरळ उत्तर दे. मार्चमध्ये तू कोण होतास? मेसन असशील, सांगितलं तिथं खांब रोवून आला असशील, तर मला तुझ्याशी कर्तव्य नाही. कंपनी उत्तर देईल. तुझं कार्ड पहिल्यासारखं होईल, तू कामाला लाग. पण टेक्निशियन म्हणून हे तू लावलं असशील, तर जबाबदार तू."

तपासनीस भला माणूस होता. त्यानं सुटकेची वाट स्वतःहून दाखवली होती. अन्सारभाई गालिच्याकडे बघत होते. मेसन, एवढं म्हटलं की नोकरी राहत होती, पगार राहत होता. संघप्रिया आणि अक्षता मात्र इंदोऱ्यातच राहणार होत्या, मरेपर्यंत. आणि टेक्निशियन म्हटलं तर ह्याचाच गाशा गुंडाळला जाणार होता. कुठूनही बघितलं तरी त्या गॅलरीच्या खोलीत त्या दोघी येणार नव्हत्या, हे त्याला स्वच्छ दिसलं. मग उरलं काय? उरला तो एकटा, आणि तो कोण हे सांगणं. त्याच्या बापानं गाव सोडून नागपूरची गिरणी धरली होती ती याचसाठी, की आपल्या माणसानं काय काम करायचं आणि त्याला काय म्हणायचं, हे दुसऱ्यानं ठरवू नये. इथं तर दुसऱ्यांनी एकदा सोडून दोनदा ठरवलं होतं, दोन्ही वेळा आपल्या सोयीनं, आणि त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली होती.

"सर, मी टेक्निशियन आहे," तो म्हणाला. "मार्चमध्येही होतो. डबा मी तपासला आणि मीच बसवला. बसवू नका, असं मी यांना सांगितलंही होतं."

तपासनीस अन्सारभाईंकडे वळला. "सांगितलं होतं?"

अन्सारभाईंनी कफीलकडे बघितलं. कफील जपमाळेचे मणी ओढत बसला होता.

"मला आठवत नाही," अन्सारभाई म्हणाले.

तपासनीसानं जगदीशचं अर्धं उत्तर लिहून घेतलं आणि अर्धं सोडून दिलं. कंपनीला ताकीद मिळाली. जगदीशचा व्हिसा रद्द झाला, पुन्हा बहारीनमध्ये पाऊल टाकायचं नाही असा शिक्का बसला, आणि फॅमिली व्हिसाचा अर्ज त्याबरोबर आपोआप खलास झाला.

पासपोर्ट आणि तिकीट घेऊन अन्सारभाई त्याच्या खोलीवर आले. दारातच उभे राहिले. "अरे, मेसन म्हणायला तुझं काय जात होतं? सहा वर्षं होतासच ना? नोकरी तरी राहिली असती."

जगदीश बॅग भरत होता. "अन्सारभाई, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

अन्सारभाईंनी पासपोर्ट आणि तिकीट दाराजवळच्या खाटेवर ठेवलं. म्हणाले, "माझ्या दोन मुली इथल्या शाळेत आहेत रे."

त्यांना शिव्या घालायच्या म्हणून जगदीशनं काय काय जमवून ठेवलं होतं. ते सोडून त्यानं एक शर्ट घडी करून बॅगेत ठेवला. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही आठवलं नसतं, असं त्याला वाटून गेलं आणि तो आणखीनच खचला. त्यानं त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत.

संध्याकाळी त्यानं नागपूरला फोन लावला. बूथवर गर्दी असावी, मागून माणसांचे आवाज येत होते.

"आमचं तिकीट झालं का जी?" संघप्रियानं विचारलं.

"तुमचं नाही. मीच येऊन राहिलो. कायमचा. इथलं सगळं संपलं."

काय झालं, काहून झालं, असं तिनं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही. त्या गर्दीत तिला विचारता येत नसेल.

"ऐकून राहिली ना?" त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "या."

मग फोनच्या अगदी जवळ अक्षताचा आवाज आला. "आई, बाबा येऊन राहिले का? आपल्याला न्यायला?"

संघप्रिया तिला "हो" म्हणाली. जगदीशनं ते ऐकलं, आणि फोन कटेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून ठेवला.