बाईमाणूस हाय ती

डॉ. आगटे गेल्याची बातमी मला पौडच्या एस.टी. थांब्यावर कंडक्टरने दिली. "तुमचे गुरांचे डॉक्टर गेले, नर्सबाई," एवढंच म्हणून त्याने घंटी ओढली. त्याला आता तीन आठवडे झाले. लोक त्यांच्या बैलांच्या गोष्टी सांगतात. मला आठवते ती एका कुत्रीची दुपार, आणि ती आठवली की अजून हुरूप येतो.

माझा दवाखाना माणसांचा, त्यांचा गुरांचा, मध्ये फक्त तारेचं कुंपण. मुठ्याच्या हौसाबाई चांदीला घेऊन आल्या. पिल्लं पाजून पाजून कुत्रीची नुसती हाडं उरली होती, आणखी एक वेत तिला झेपलं नसतं. गर्भपिशवी काढणं भाग होतं. पण आदल्या वर्षी बावधनची एक कुत्री याच शस्त्रक्रियेनंतर कोपऱ्यात पडून राहिली, अन्नाला शिवली नाही आणि चौथ्या दिवशी मेली, हे हौसाबाईंच्या कानावर होतं. डॉक्टर समजावत होते, "अहो, त्या बावधनच्या कुत्रीला दुखत नव्हतं. एकदाही ओरडली नाही."

"वरडली न्हाई म्हून दुकत न्हाई व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. "बाईमाणूस हाय ती."

मी हसले. डॉक्टर हसले नाहीत... मग मीच म्हटलं, बाळंतिणीला टाके घालायच्या आधी आम्ही तेवढी जागा बधिर करतो, तुमच्याकडे ते औषध नाही का?

"आहे की. बैलाचं शिंग कापताना देतो."

"का?"

"नाहीतर लाथ घालेल," ते म्हणाले, आणि स्वतःच थबकले.

पुढचा तासभर त्या माणसाच्या अंगात वारं शिरलं होतं. बैलाचा डोस कुत्रीला म्हणजे मरणच. म्हणून वाण्याचा काटा आणून चांदीला तोललं, पाटीवर खडूने हिशेब मांडला, दोनदा पुसला, मला तपासायला लावला. औषध निघालं जेमतेम तीन सीसी. तेवढंच सलाइन मिसळून ते वाढवलं, म्हणजे सगळ्या चिरेला पुरेल. भुलीसाठी ईथरचा बोळा मी धरला. पिशवी निघाली, आणि पोट शिवण्याआधी डॉक्टरांनी दोन्ही कडांना सुई टोचत टोचत औषध भरलं.

चांदी शुद्धीवर आली. डॉक्टरांनी टाक्यांच्या कडेला बोट दाबलं. तिने वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने उठली, दोन पावलं चालली, तिने शेपूट हलवलं. औषधाचा अंमल दोनेक तासांचा, तो उतरायच्या बेताला त्यांनी आणखी थोडं टोचलं. ऊन कललं तेव्हा तिने हौसाबाईंच्या हातची दूधभाकरी चाटूनपुसून खाल्ली. डॉक्टर कुंपणापाशी धावत आले, "खाल्लं, नर्सबाई, सगळं खाल्लं..." मागून हौसाबाई म्हणाल्या, "कुत्री गप हाय, डाक्टरच नाचत्यात."

परवा त्यांच्या जागी आलेले नवे डॉक्टर नोंदवही घेऊन कुंपणाशी आले. छापील रकाने मालक, जनावर, रोग आणि उपचार एवढेच. त्यापुढे आगट्यांनी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारून पाचवा केला होता: "खाल्लं कधी?" कोऱ्या पानांवरही, शेवटच्या पानापर्यंत, रेघ मारून ठेवलेली.

"हा सरकारी नाही," नवे डॉक्टर म्हणाले. "याचं काय करायचं?"

"भरायचा," मी म्हटलं.

आज सकाळी पाहिलं. मांजर, पायाला टाके. पाचव्या रकान्यात लिहिलंय: संध्याकाळी, थोडं दूध.