घटाखालची वही

अडुसष्ट वर्षांच्या एका शहाण्या बाईने नवरात्रात नातीची अभ्यासाची वही देवीच्या घटाखाली ठेवली होती. ती बाई मीच, हे आधीच सांगून टाकते. आता तिच्याकडे जरा लांबून बघता येतं, आणि हसूही येतं.

आम्ही अंबडचे. नात जयू वकील झाली आणि कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसली. पूर्वपरीक्षा पार पडली होती, मुख्य लेखी परीक्षा दिवाळीनंतर होती. पुढच्या खेपेला तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. दिवाणी कायद्याची वर्षभराची टिपणं एका जाड वहीत होती, हाताला सवय राहावी म्हणून शाईच्या पेनाने लिहिलेली. घटस्थापनेच्या आधी ती सराव परीक्षांसाठी संभाजीनगरला मैत्रिणीकडे गेल्ती, वही घरीच होती. मला वाटलं, देवीच्या पायाशी नऊ दिवस राहिली तर सगळं सोपं होईल. वही फडक्यात गुंडाळून पाटावर ठेवली, वर पत्रावळ, पत्रावळीत शेतातली काळी माती आणि गहू, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. रोज पाणी घालत होते, भक्तीच्या भरात जरा जास्तच. घट उठेपर्यंत काही हलवायचं नसतं, त्यामुळे खाली डोकवायचा प्रश्नच नव्हता.

दसऱ्याला घट उठवला तेव्हा गव्हाची पांढरी मुळं थेट वहीत उतरली होती. अक्षरांचं निळं पाणी झालं होतं. जयू त्याच दुपारी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही बघितली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती शहाणी बाई ओली वही पिशवीत घालून कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. मशीनमधून अक्षरं परत उमटतील, अशी तिची भाबडी आशा. दुकानदाराने हात जोडले. शेजारी काळा कोट घातलेल्या एक वकीलबाई आपल्या कागदांची वाट बघत उभ्या होत्या. बोलण्यावरून घरात उर्दू बोलणाऱ्या वाटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "आजी, वहीचं सोडा आता. पोरीला म्हणा, रोज घंटाभर मला शिकव. तुम्हाला कळलं की तिचं पक्कं झालं, बिलकुल." कागद घेऊन त्या निघून गेल्या. नाव विचारायचं भान मला राहिलं नाही.

मी घरी येऊन सांगितलं. जयू म्हणाली, "तुला शिकवू? बरं. मंग मधे मधे बोलायचं न्हाई."

मी बोललेच. एकदा निकाल लागलेला वाद त्याच दोघांनी पुन्हा कोर्टात आणायचा नसतो, हे तिने सांगितलं तेव्हा म्हटलं, "अगं, तुझ्या आजोबांशी एक वाद मी चाळीस वर्षं रोज नव्याने लावला!" ती पोट धरून हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. मग एकतर्फी निकालाचा धडा आला, म्हणजे समोरचा हजर नसताना, त्याचं न ऐकताच दिलेला निकाल. समोरच्याला समन्स मिळालंच नसेल, तर तसा निकाल रद्द करून घेता येतो, असं ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. मी शेंगा सोलत होते, सोलतच राहिले.

परीक्षेत हे दोन्ही प्रश्न आले. समोर तू बसलीस असं समजून लिहिलं, असं तिने घरी आल्यावर सांगितलं. ती पास झाली, मुलाखतही निभावली. पेढे घेऊन मी त्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "मावशी, काळे कोट दिवसभर येतेत. कोन्ती बाई म्हणता?" कोर्टाच्या आवारात चार ठिकाणी विचारलं, थांगपत्ता लागला नाही. कोण होत्या, कोणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. देवीला हात जोडते तेव्हा त्यांनाही जोडते.

एवढं मात्र कळलं. देवीवर सोपवलं, सोपवलं म्हणून मी मिरवत होते, पण सोपवलं काय, तर दुसरीची मेहनत. माझं सोपवण्यासारखं होतं ते म्हणजे माझा शहाणपणा, आणि तो मी घट्ट धरून बसले होते. तो हातातून सुटला झेरॉक्सच्या दुकानात.

यंदा घटस्थापनेला जयू सुट्टी काढून घरी आल्ती. मी माती चाळत होते. आपली बॅग उचलून उंच फळीवर ठेवत ती म्हणाली, "आजी, घटाखाली काय ठेवायचं ते ठेव. पण आधी मला समन्स पाठव. तुझे सगळे निकाल एकतर्फी असतेत."