तेरा अक्षरांचा पासवर्ड

चारुदत्त देवधरांच्या घरी दुरुस्तीला कधी कुणाला बोलवावं लागलं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन ते कोलकात्याला आले, इथंच निवृत्त झाले आणि शहरातल्या बेहाला भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिले. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, जे बिघडेल ते ते स्वतः उघडत आणि बहुतेक वेळा नीटही करत. सगळा जिना त्यांना ‘देवधरदा’ म्हणे. अडलंनडलं की लोक त्यांचीच बेल वाजवत, आणि ते त्यांना मनातून फार आवडे.

२००७ साली घरात वाय-फाय आलं, तेव्हा पुस्तिका मांडीवर घेऊन राउटर त्यांनीच लावला. सुरक्षेसाठी तीन पद्धतींची यादी होती. नव्या पद्धतीला त्यांचा जुना लॅपटॉप जोडला जाईना, म्हणून त्यांनी सगळ्यांत जुनी निवडली, डब्ल्यूईपी नावाची. मोजून तेरा अक्षरांचा पासवर्ड दिला आणि निर्धास्त झाले.

मुलगा अजेय इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा एकदा म्हणाला, “बाबा, हे बदला. ही पद्धत कधीच मोडीत निघालीय. रस्त्यावर बसून कुणीही फोडतं.”

“तेरा अक्षरं आहेत. ओळखायला दहा जन्म लागतील.”

“ओळखावी लागतच नाहीत ती.”

“तू कालचा पोरगा. मला नको शिकवूस.”

अजेयनं विषय सोडून दिला. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पुढे त्याला सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी लागली. खाली पहिल्या मजल्यावर नूपुर राहायची. दोघं एकाच शाळेत शिकलेली, लहानपणापासून एकमेकांच्या घरात वावरलेली. अजेयनं तिला लग्नाचं विचारलं आणि ती नाही म्हणाली, हे देवधरांना पत्नीकडून, प्रेमलताबाईंकडून कळलं. महिनाभर पोरगा ताटात मान घालून जेवत होता.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २०१७च्या उन्हाळ्यात, कुणीतरी नूपुरच्या नावाचं खोटं खातं उघडलं. तिचे फोटो घाणेरड्या चित्रांना जोडून टाकले, खाली तिचा खरा फोन नंबर दिला. पोरीचं घराबाहेर पडणं बंद झालं. वडिलांनी तक्रार केली. पोलिसांनी माग काढला, तो देवधरांच्या इंटरनेट जोडणीपाशी येऊन थांबला.

शनिवारी सकाळी ठाण्यातले मेजबाबू, म्हणजे दुय्यम अधिकारी, दोन शिपाई घेऊन आले. माणूस उद्धट नव्हता. खुर्चीत बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, “तुमचं वाय-फाय बाहेरच्या कुणी वापरलं असेल, असं होऊ शकतं का?”

अजेय आतल्या खोलीत होता. दार उघडं होतं.

देवधरांच्या डोळ्यांपुढे ताटात मान घातलेला मुलगा आला. यानंच केलं असेल का, या विचाराची त्यांना लाज वाटली, पण तो गेला नाही. आणि त्याहून आत कुठेतरी हेही होतं, की आपण लावलेल्या वस्तूत खोट निघूच शकत नाही.

“अशक्य,” ते म्हणाले. “राउटर मी स्वतः लावलाय. बाहेरचा माणूस शिरूच शकत नाही.”

“मग घरात कोण कोण असतं?”

“मी, माझी पत्नी, आणि...” ते थांबले. तिसरं नाव मेजबाबूंनी न विचारता लिहून घेतलं.

अजेयला नेलं. लॅपटॉप आणि फोन जप्त झाले, राउटरला मात्र कुणी हात लावला नाही. पोरगा अकरा दिवस कोठडीत होता. चौथ्या दिवशी कंपनीनं त्याला काढून टाकलं.

“अहो, तुम्हाला खरंच वाटतं, त्यानं केलं असेल?” प्रेमलताबाईंनी विचारलं.

“चौकशी होऊ दे. पुरावा काय निघतो ते बघू.”

प्रेमलताबाईंनी चप्पल घातली आणि वकील शोधायला एकट्या बाहेर पडल्या. ज्यांना धड बंगाली येत नव्हती, हिंदीही अडखळत बोलायच्या, त्या बाई तीन ठिकाणी फिरल्या. मिळालेल्या वकिलांनी शंतनु नावाचा एक तरुण इंजिनिअर बरोबर आणला. देवधरांची लेखी परवानगी घेऊन तो खाली उतरला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडून बसला. वर फोन स्पीकरवर ठेवून सगळे वाट बघत होते.

सात मिनिटांनी त्याचा आवाज आला. “मेशोमशाई,” तो काका म्हणावं तसं म्हणाला, “लिहून घ्या. इंग्रजी अक्षरांत अजेय, पुढे देवधर, पुढे नऊ आणि चार. बरोबर?”

अजेयचा जन्म चौऱ्याण्णवचा. देवधरांनी त्याला वर बोलावलं. प्रेमलताबाई भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

“कसा ओळखलास?” तो वर आल्यावर देवधरांनी विचारलं.

“ओळखला नाही. तुमचा राउटर प्रत्येक निरोप कुलूप लावून पाठवतो, पण त्या कुलपाचा एक आकडा उघडाच बरोबर जातो. आकडे थोडे, म्हणून तेच ते पुन्हा येतात. हवेतून असे हजारो निरोप गोळा केले, की हिशेबानं किल्ली निघते. पासवर्ड कितीही अवघड असू दे. ही खोट तुम्ही राउटर घेतलात त्याच्या आधीच जगजाहीर झाली होती.”

पुढचं भराभर झालं. राउटरमधल्या जोडणीच्या नोंदींवरून मागच्या गल्लीत भाड्यानं राहणारा एक माणूस सापडला, नूपुरच्याच बसनं जाणारा. त्याच्या लॅपटॉपवर सगळं निघालं, अगदी देवधरांचा पासवर्डसुद्धा.

अजेयला घ्यायला देवधर स्वतः गेले.

“मला काय माहीत, ते इतकं सोपं असतं,” टॅक्सीत ते म्हणाले.

“मी सांगितलं होतं, बाबा.”

“हो.”

“तेही जाऊ दे. राउटरचं तुम्हाला माहीत नव्हतं. माझं तर माहीत होतं ना?”

तारातलाच्या सिग्नलला टॅक्सी थांबली, तेव्हा देवधरांनी मुलाच्या हातावर हात ठेवला. अजेयनं तो झटकला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. घरी पोचल्यावर खाली नूपुरच्या वडिलांनी जिन्यात हात जोडले, नूपुर रडली, माफी मागितली. तिला तो म्हणाला, “तुझी काय चूक?” आणि वर आला.

दोन महिन्यांत तो नाशिकला गेला. तिथंच नोकरी, तिथंच लग्न. आईला रोज फोन करतो. वडिलांनी घेतला तर तब्येत विचारतो, औषधं घेता का विचारतो, आणि फोन आईकडे द्यायला सांगतो. रागावून एक शब्द कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं देवधरांना वाटतं.

गेल्या वर्षी दोघं नवराबायको नातीला बघायला नाशिकला गेले. देवधरांच्या फोनला तिथं नेट मिळेना. त्यांनी पासवर्ड विचारला. अजेय म्हणाला, “द्या, मी टाकून देतो.” त्यानं फोन घेतला, जरा वळून उभा राहिला, आणि परत दिला.

“झालं,” म्हणाला. “चहा घेणार?”

“घेतो,” देवधर म्हणाले. नात मांडीवर झोपली होती, म्हणून ते जागचे हलले नाहीत.