इस्त्रीचा शेक

माझ्या भावाची लाँड्री आहे आणि सर्दी-खोकल्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज आहे. पहिली गोष्ट खरी. दुसरीबद्दल मी त्याच्या तोंडावर बोलत आले आहे, म्हणून इथेही बोलते. गिऱ्हाईक पँट न्यायला येतं, चुकून एकदा शिंकतं आणि मिठाच्या गुळण्यांवरचं भाषण ऐकून बाहेर पडतं. काही जण पँट विसरूनच जातात. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, नाही घेतलं तर आठवडा लागतो, हे त्याला मी कितीदा सांगितलं. पण कोणी बरं झालं की श्रेय दादाचं!

हा नाद त्याला लेकीपायी लागला. वहिनी गेली तेव्हा पोर एवढीशी होती आणि तिचं नाक सदा वाहतं. मी तिला शेंबडी म्हणायचे, अजूनही म्हणते. डॉक्टरांचं औषध चालू असायचंच, पण छाती भरली की दादा तिला दुकानात न्यायचा आणि कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसवायचा. तिची दोन जाड सुती बनियनं तो आलटून पालटून इस्त्रीखाली घ्यायचा. एक गरम झालं की आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचा, मग तिच्या अंगात घालायचा. ते निवेपर्यंत दुसरं तयार. गिऱ्हाइकं ताटकळायची. पुढे पुढे शाळा बुडवायची असली की ती खोटं खोकायला लागली. ते त्यालाही कळायचं. तरी शेक पूर्ण मिळायचा.

मोठी झाली, शिकली, नोकरीला लांब गेली. विमानाने जावं लागतं इतकी लांब. तिचा फोन यायचा तो अंग दुखायला लागलं की. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी आधी हवापाण्याचं, ऑफिसचं, माझ्या गुडघ्यांचं विचारायची आणि मग हळूच, "बाबा, घसा जरा धरलाय." झालं. दादा इस्त्री उभी करून ठेवायचा आणि सुरू व्हायचा. कोमट पाण्यात मीठ, आल्याच्या रसात मध, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ. मी म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाक आता. पण एवढं सांगून तो अडायचा. कारण शेक एकट्याने घेता येत नाही. जो खोकतोय त्याने इस्त्रीपाशी उभं राहायचं नसतं, आणि कापड निवायच्या आत अंगात घालायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस तिथे नव्हतं. म्हणून प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला, "ये इकडे, बरी करून पाठवतो." ती म्हणायची, बघते.

त्या "बघते"वर तो जगत होता. तिच्या मापाची नवी बनियनं आणून, नवं कापड टोचतं म्हणून, तो ती पुन्हा पुन्हा धुऊन मऊ करत राहिला. मला एकदा म्हणालाही, "चांगली सणसणीत सर्दी झाली ना तिला, की येईल बघ." कुठला बाप असं म्हणेल? मी तसं सुनावलं तेव्हा वरमला. म्हणाला, सणसणीत नको, साधीच.

गेल्या थंडीत तिला खोकला लागला तो हटेना. आवाज पार बसला. डॉक्टर म्हणाले होते काळजीचं कारण नाही, वेळ लागेल. फोनवर रडवेली होऊन म्हणाली की रजा टाकलीय, तिकीट बघते. दादाने लगेच आतली खोली झाडली, चादरींना इस्त्री केली, मधाची बाटली आणली. दुकानात येईल त्याला सांगत सुटला. त्याला इतकं खूश मी वहिनी असतानाच पाहिलं होतं.

आणि मग एका दुपारी फोन वाजला. मी डबा द्यायला दुकानातच होते. तिचाच नंबर, पण स्पीकरवर आवाज पुरुषाचा. बिचारा घाबरत बोलत होता.

"काका, बनियन ओलसर होतंय. तिला उलट हुडहुडी भरलीय."

दादाने इस्त्री उभी केली. मला वाटलं आता विचारेल, तू कोण, तिच्या घरात काय करतोस. त्याने विचारलं, "इस्त्री वाफेची आहे का?"

"हो."

"पाणी ओतून टाक. कोरडी तापव. आणि आधी आपल्या गालाला लावून बघ, मग तिला घाल."

तो पोरगा फोन चालूच ठेवून गेला. पलीकडे पावलं वाजली, पोर खोकली, मग कशाला तरी हसली. जरा वेळाने तीच फोनवर आली. म्हणाली, सांगणारच होते तुला, बाबा. दादाने तिकिटाचं विचारलं. ती थांबून म्हणाली की आता बरं वाटतंय. "मग झालं तर," दादा म्हणाला.

माझा संताप झाला. गरज सरो, वैद्य मरो, मी म्हणाले. त्यावर हसून म्हणतो कसा, वैद्य कुठे मेला, वैद्याने हाताखाली माणूस तयार केला. पण हात थांबले होते. समोर कोणाचा तरी शर्ट अर्धाच झाला होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "पाणी ओत म्हणताना जीभ जड झाली. नसतं सांगितलं तर आली असती गं."

"मग सांगितलंस कशाला?"

"तिला हुडहुडी भरली होती ना."

मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि तो जेवला.

लग्न केलं त्यांनी. दोघं येऊन गेली, ऐन उन्हाळ्यात, धडधाकट. जावई गुणी आहे, नावं ठेवायला जागा नाही, आणि मी शोधून पाहिली. फोन दर रविवारी येतो, नेमाने, सगळं छान चाललंय हे सांगायला. फक्त आता पोरीला सर्दी झाली की आम्हाला कळतं ते ती बरी झाल्यावर.